प्रथमोपचाराचं मराठी अ‍ॅप पहिल्यांदा बनवताना: नागपूरच्या नवशिक्या प्रोग्रामरसाठी

नवशिका प्रोग्रामर अ‍ॅप बनवायला बसला की आधी लॉगिनची स्क्रीन बनवतो, कारण कोर्समध्ये पहिलं तेच शिकवलेलं असतं. या अ‍ॅपला लॉगिन नको. गच्चीवर कूलरचा करंट लागून माणूस पडलाय आणि अ‍ॅप ओटीपी मागतंय, असं चित्र डोळ्यांपुढे आणा. पुढचे निम्मे निर्णय तिथेच होतात: इंटरनेट नको, खातं नको, जाहिरात नको, आणि अ‍ॅप उघडल्यापासून पहिली सूचना दिसेपर्यंत दोनपेक्षा जास्त टॅप नकोत.

इथे फ्लटर (मोबाइल अ‍ॅप बनवायची चौकट) आणि डार्ट (तिची भाषा) धरून लिहिलं आहे. फंक्शन, लिस्ट आणि इफ-एल्स येत असेल तेवढं पुरे. दोघांनी रोज संध्याकाळी दोन तास दिले तर सहा ते आठ आठवडे धरा. त्यातला निम्मा वेळ मजकुरात जाईल, आणि तो तिथेच जायला हवा. कोडमधली चूक दुरुस्त करता येते. चुकीची सूचना वाचून कुणी साप चावलेल्या पायाला दोरी आवळली तर ती दुरुस्ती आपल्या हातात राहत नाही.

विषय आठच घ्या

पहिल्या आवृत्तीत चाळीस आजार भरायचा मोह होतो. आठ विषय घ्या, आणि ते आपल्या भागात खरोखर घडणारे घ्या. नागपूरसाठी यादी अशी होते: ऊन लागणे, करंट लागणे, साप चावणे, भाजणे, घशात अडकणे, कापणे आणि रक्त वाहणे (यात संक्रांतीचा मांजा आणि रस्त्यावरचा अपघात दोन्ही येतात), विषबाधा (फवारणीचं औषध मुख्य), आणि माणूस बेशुद्ध पडून श्वास थांबणे. ताप, पोटदुखी, रक्तदाब या अ‍ॅपमध्ये नकोत. औषधांची मात्रा तर मुळीच नको. निदान करणं हे या अ‍ॅपचं काम नाही. १०८ ची गाडी येईपर्यंतच्या मिनिटांत हाताने काय करायचं एवढंच त्याने सांगायचं.

मजकूर: इथे घाई करू नका

प्रत्येक सूचनेत एकच कृती. आठ-दहा शब्दांपेक्षा लांब वाक्य मोडा. ‘शक्यतो’, ‘आवश्यकतेनुसार’, ‘योग्य त्या’ हे शब्द दिसले की खोडा, कारण घाबरलेल्या माणसाला योग्य ते काय हेच तर कळत नसतं. भाजण्याचं उदाहरण घ्या. पहिल्या मसुद्यात असं वाक्य येतं:

‘भाजलेल्या भागाचा दाह कमी करण्यासाठी थंड पाण्याचा वापर करावा.’

किती पाणी, किती वेळ, बर्फ चालेल का, काहीच कळत नाही. ते असं तोडा:

‘भाजलेला भाग वाहत्या पाण्याखाली धरा.’
‘२० मिनिटं धरून ठेवा.’ (इथे स्क्रीनवर उलटी मोजणी)
‘अंगठी, बांगडी, घड्याळ लगेच काढा.’
‘चिकटलेला कपडा ओढू नका.’
‘बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई लावू नका.’

आता यात एक गोम आहे, जी पुस्तकातून उतरवलेल्या मजकुरात सापडायची नाही. मे महिन्यात दुपारी दोनला गच्चीवरच्या टाकीतून नळाला येणारं पाणी चटका बसण्याइतकं गरम असतं. म्हणून पहिल्या सूचनेआधी एक प्रश्न हवा: ‘नळाचं पाणी हाताला गरम लागतंय का?’ हो म्हटलं तर ‘माठातलं किंवा बोअरचं पाणी तांब्याने सतत ओता’. आपल्या गावाचं अ‍ॅप आपण बनवायचं ते अशा प्रश्नांसाठी.

ऊन लागण्याच्या मजकुरात हमखास होणारी चूक म्हणजे ‘घाम थांबतो, कातडी कोरडी पडते’ ही खूण पहिली लिहिणं. उन्हात अंगमेहनत करणाऱ्या माणसाला उष्माघात होतो तेव्हा घाम चालू असू शकतो. वाचणारा घाम बघून म्हणतो, हे ते नव्हे. मुख्य खूण डोक्याची आहे: अंग तापलेलं आणि माणूस असंबद्ध बोलतोय, तोल जातोय, ओळखत नाही किंवा शुद्ध हरपली. असं दिसलं की १०८, सावली, कपडे सैल, अंगावर पाणी आणि वारा. चालू कूलरसमोर ओल्या अंगाने झोपवणं हा आपल्याकडे सगळ्यात हाताशी असलेला उपाय आहे. काखेत, मानेला आणि जांघेत थंड पाण्याच्या ओल्या घड्या. पूर्ण शुद्धीत नसेल तर तोंडाने पाणी, पन्हं, काहीही नाही. ते श्वासनलिकेत जातं. तापाची गोळी इथे काम करत नाही, तेही लिहा, कारण घरात पहिली तीच शोधली जाते.

सापाच्या विषयात ‘करू नका’ची यादी ‘करा’पेक्षा महत्त्वाची: आवळून बांधू नका, कापू नका, चोखू नका, मांत्रिकाकडे नेऊ नका, साप पकडायला थांबू नका. करायचं ते असं: चावलेला हात-पाय न हलवता फळीचा किंवा काठीचा आधार द्या, जोडवी-पैंजण-अंगठी काढा, चालवत नेऊ नका, लस असलेल्या दवाखान्यात न्या. भारतात मिळणारी सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषारी सापांवर एकच असते, तेव्हा साप मारून सोबत नेण्याची गरज नाही. मण्यारीसाठी वेगळी सूचना ठेवा. ती बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते. वण दिसेलच असं नाही, दुखेलच असंही नाही. पहाटे पोटदुखी आणि जड पापण्या दिसल्या तरी दवाखाना.

करंटच्या विषयात पहिली स्क्रीन ‘श्वास चालू आहे का?’ अशी ठेवली तर अ‍ॅप दुसरा बळी घेईल, कारण तपासायला गेलेला माणूसही चिकटतो. पहिली स्क्रीन फक्त एवढीच: ‘हात लावू नका. मेन स्विच बंद करा.’ बाकी सगळं त्यानंतर.

अपघाताच्या विषयात एक ओळ कायद्याची घाला. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १३४अ सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण देतं. पोलिसांच्या भानगडीत पडायला नको म्हणून लोक थांबत नाहीत. ती ओळ वाचून एखादा थांबेल.

मजकूर तयार झाला की कागदावर छापून अशा डॉक्टरांना दाखवा जे रोज कॅज्युअल्टीत बसतात. मेडिकल, मेयो आणि मिहानमधलं एम्स, तिन्हीकडे आपत्कालीन विभाग आहेत. ओळखीच्या त्वचारोगतज्ज्ञाने नजर टाकली म्हणजे तपासणी झाली असं होत नाही. प्रत्येक विषयाखाली ‘तपासलं: महिना, वर्ष’ असं छापा.

मजकूर कोडमध्ये लिहू नका

सगळ्या सूचना एका जेसन फाईलमध्ये (नाव आणि मूल्य अशा जोड्यांची साधी मजकूर फाईल) ठेवा आणि ती अ‍ॅसेट्सच्या फोल्डरमध्ये टाका. पबस्पेक फाईलमध्ये (प्रोजेक्टची यादी असलेली फाईल) तिची नोंद करायला विसरलात, किंवा नोंदीआधीची मोकळी जागा चुकली, तर ‘अ‍ॅसेट सापडत नाही’ अशी चूक येते. नवशिक्यांची पहिली संध्याकाळ बहुतेकदा यातच जाते. एका पायरीची नोंद साधारण अशी (फाईलमध्ये डावीकडची नावं इंग्रजीत ठेवा, टायपायला सोपं जातं):

ओळख: भाजणे-२
प्रकार: सूचना
मजकूर: २० मिनिटं धरून ठेवा.
चित्र: भाजणे-नळ
आवाज: भाजणे-२
सेकंद: १२००
पुढे: भाजणे-३

प्रकार दोनच ठेवा, सूचना आणि प्रश्न. प्रश्नाच्या नोंदीत ‘पुढे’ऐवजी ‘हो तर’ आणि ‘नाही तर’ अशा दोन वाटा. एवढ्या साच्यावर अख्खं अ‍ॅप दोन स्क्रीनमध्ये बसतं: एक विषयांची, एक पायरीची. प्रत्येक विषयासाठी वेगळी स्क्रीन लिहायला घेतली असेल तर थांबा आणि या साच्याकडे या.

धोका एकच: ‘पुढे’मध्ये लिहिलेली ओळख फाईलमध्ये नसणं. एका अक्षराची चूक, आणि तयार आवृत्तीत वापरणाऱ्याला नुसता राखाडी पडदा दिसतो. म्हणून वीस ओळींची टेस्ट लिहा: फाईल वाचायची, प्रत्येक नोंदीच्या सगळ्या वाटा खरोखर आहेत का बघायचं, प्रत्येक विषयाचा प्रवास शेवटच्या पायरीला पोचतो का बघायचं. मजकुराला हात लागला की टेस्ट चालवायची.

साधनं

लॅपटॉपला ८ जीबी रॅम असेल तर इम्युलेटरच्या (लॅपटॉपवर चालणारा नकली फोन) नादी लागू नका. अँड्रॉइड स्टुडिओ आणि इम्युलेटर एकत्र चालू केले की मशीन गुदमरतं. व्हीएस कोड वापरा आणि खरा फोन जोडा. सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप केलं की डेव्हलपर पर्याय उघडतात, तिथे यूएसबी डिबगिंग चालू करायचं. तरीही फोन दिसत नसेल तर केबल बदलून बघा. चार्जिंगपुरत्या केबलमधून डेटा जातच नाही. बर्डीवरून २ जीबी रॅमचा एखादा जुना फोन घेऊन ठेवा. तुमच्या नव्या फोनवर लोण्यासारखं चालणारं अ‍ॅप त्यावर किती वेळात उघडतं तोच खरा आकडा.

स्क्रीन

पहिल्या स्क्रीनवर आठ चौकोन, दोनाच्या चार ओळी, चित्र आणि दोन-तीन शब्द. बोट लावायच्या जागेसाठी मटेरियल डिझाइनची किमान मर्यादा ४८ डीपी (अँड्रॉइडचं स्क्रीनवरच्या मापाचं एकक) आहे. थरथरत्या हातासाठी ती दुप्पट धरा. १०८ चं लाल बटण प्रत्येक स्क्रीनवर तळाशी, त्याच जागी. ऋतूप्रमाणे चौकोनांचा क्रम बदलायची कल्पना आकर्षक वाटते (उन्हाळ्यात ऊन वर, पावसाळ्यात साप वर), पण करू नका. एकदा बघून ठेवलेली जागा हाताला आठवते, ती हलवायची नाही.

अक्षर २० एसपी (अक्षरांच्या मापाचं एकक) किंवा मोठं, ओळींची उंची १.५ पट. ती कमी ठेवली तर वरच्या मात्रा आणि खालचे उकार एकमेकांत अडकतात. नोटो सान्स देवनागरी हा फॉन्ट अ‍ॅपसोबतच द्या, म्हणजे प्रत्येक फोनवर जोडाक्षरं सारखी दिसतील. पांढऱ्यावर काळं लिहा. डार्क मोड घरात छान दिसतो. वर्धा रोडवर भर उन्हात त्यात आपलाच चेहरा दिसतो. फोनच्या सेटिंगमध्ये अक्षर सगळ्यात मोठं करून बघा. पिवळे-काळे पट्टे आले तर मजकूर मावत नाही. ते पट्टे फक्त डिबग आवृत्तीत (बनवताना चालवतो ती) दिसतात. वापरणाऱ्याला नुसतं तुटलेलं वाक्य दिसतं.

१०८ चं बटण

यूआरएल लाँचर पॅकेज घ्या आणि ‘टेल’ प्रकारचा पत्ता द्या. असं केलं की डायलरमध्ये नंबर भरून येतो आणि माणूस हिरवं बटण दाबतो. त्याला कोणतीही परमिशन लागत नाही. थेट फोन लावायचा तर कॉलची परमिशन मागावी लागते, शिवाय खिशातल्या खिशात १०८ लागू शकतो. डायलरच बरा. अँड्रॉइड ११ पासून एक अडचण आहे: लाँच करता येईल का असं आधी विचारणारं फंक्शन मॅनिफेस्टमध्ये (अ‍ॅपची माहिती अँड्रॉइडला सांगणारी फाईल) ‘क्वेरीज’ची नोंद नसेल तर ‘नाही’ म्हणतं, आणि फोनवर डायलर असूनही बटण निकामी होतं. नोंद घाला. १०८ लागला नाही तर खाली ११२ दिसू द्या.

चाचणी करताना १०८ ला फोन लावू नका, खरा रुग्ण ताटकळतो. डिबग आवृत्तीत मित्राचा नंबर आणि तयार आवृत्तीत १०८, अशी अट फ्लटरच्या डिबग-मोड स्थिरांकावर बांधा. हाताने बदलायचं ठरवलं तर एक दिवस मित्राचाच नंबर प्ले स्टोअरवर जाईल.

ठिकाणाचं काय? जीपीएसला इंटरनेट लागत नाही, पण आकड्यांचा पत्ता करायला लागतं. आणि फोनवर ‘एकवीस पूर्णांक चौदा’ असं सांगून गाडी येत नाही. म्हणून डायलर उघडण्याआधी स्क्रीनवर तीन ओळी ठळक दाखवा: कोणतं लेआउट, जवळचा चौक, समोरची खूण (मंदिर, शाळा, पाण्याची टाकी). नागपुरात पत्ता असाच सांगतात. आकडे एसएमएसने घरच्यांना पाठवायला ठेवा. ठिकाणाची परमिशन निवांत वेळी, पहिल्यांदा अ‍ॅप उघडल्यावरच मागा. नाकारली तर गप्प बसा. ठिकाण पाच सेकंदांत मिळालं नाही तर शेवटचं माहीत असलेलं दाखवा, आणि ते किती जुनं आहे तेही.

सीपीआरचा ठेका

माणूस हाक मारून, खांदे हलवून उठत नाही, आणि श्वास नाही किंवा मधूनच आचके दिल्यासारखा येतोय. आचके म्हणजे श्वास चालू नाही, हे स्क्रीनवर शब्दांत लिहा. १०८ स्पीकरवर लावा आणि छातीच्या मध्यभागी दाब (हाच सीपीआर) सुरू करा: मोठ्या माणसात ५ ते ६ सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. प्रशिक्षण नसलेल्याने फक्त दाब द्यावा. वर्षाच्या आतल्या बाळासाठी वेगळी वाट ठेवा, तिथे दाब सुमारे ४ सेंटीमीटर.

दाबाची लय ऐकवणारा ठेका मिनिटाला ११० चा घ्या. नवशिके इथे डार्टचा टायमर दर ५४५ मिलिसेकंदांनी आवाज वाजवायला लावतात. जुन्या फोनवर प्रत्येक वाजवणीला उशीर लागतो, कधी दोन ठोके एकत्र येतात, आणि दाबणाऱ्याची लय मोडते. त्यापेक्षा ठेक्याची तयार फाईल फिरवत ठेवा. हिशेब सोपा आहे: ६ सेकंदांत ११ ठोके म्हणजे मिनिटाला बरोबर ११०. ऑडॅसिटीत (आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर) ६ सेकंदांची मोनो वेव्ह फाईल करा. ४४,१०० च्या दराने आणि १६ बिटमध्ये ती अर्धा एमबी होते. एमपी३ नको. त्या प्रकारात फाईलच्या टोकांना किंचित शांतता भरली जाते आणि दर सहा सेकंदांनी ठेका अडखळतो. स्क्रीन जागी ठेवण्यासाठी वेकलॉक प्लस पॅकेज लावा. दर दोन मिनिटांनी ‘दुसरा माणूस असेल तर बदला’ अशी सूचना द्या, कारण दमलेल्या हाताचा दाब उथळ होतो आणि दाबणाऱ्याच्या ते लक्षात येत नाही.

आवाज आणि शोध

फोनच्या बोलत्या इंजिनवर भिस्त ठेवू नका. मराठी आवाज त्या फोनवर उतरवलेला असेलच असं नाही. वाक्यं माणसाच्या आवाजात रेकॉर्ड करा, कूलर आणि पंखा बंद करून. साठ वाक्यं, प्रत्येकी पाच सेकंद, म्हणजे पाच मिनिटं. ४८ केबीपीएसला जेमतेम १.८ एमबी. मीडियाचा आवाज शून्यावर असेल तर स्क्रीनवर तसं दाखवा.

शोधाच्या खिडकीत लोक ‘उष्माघात’ टाइप करत नाहीत. ‘ऊन लागलं’, ‘लू’, ‘चक्कर’, ‘भोवळ’ असं करतात. ‘साप डसला’, ‘करंट बसला’, ‘पोळलं’. प्रत्येक विषयाला अशी दहा-बारा नावं जोडा, रोमन लिपीतलीसुद्धा. तुलना करण्याआधी दोन्हीकडचे दीर्घ ई-ऊ ऱ्हस्व करून घ्या, म्हणजे ‘विंचु’ आणि ‘विंचू’ एकच होतात. ‘ऱ’ दोन तऱ्हांनी आणि ‘अ‍ॅसिड’मधलं पहिलं अक्षर तीन तऱ्हांनी टाइप होतं, दिसायला सारखं, संगणकाला वेगळं. न दिसणारी जोडखूण काढून सगळं एका रूपात आणा, नाहीतर ‘अ‍ॅसिड’ शोधणाऱ्याला ‘काही सापडलं नाही’ दिसेल.

चाचणी आणि प्रकाशन

फोन विमान मोडवर टाका. पाच माणसं घ्या, त्यातलं एकही संगणकवालं नको: आई, ऑटोवाले काका, सोसायटीचा चौकीदार, असे. हातात चिठ्ठी द्या, ‘शेजाऱ्याला करंट लागला’, आणि स्टॉपवॉच लावून गप्प बसा. कुठे टॅप करायचं ते सांगितलं की चाचणी वाया गेली. पहिली सूचना दहा सेकंदांत वाचली गेली पाहिजे. जिथे बोट अडतं तिथली नोंद करा. तीच पुढच्या आठवड्याची कामं. एकदा ओल्या हाताने आणि एकदा भर उन्हात असंच करा.

प्ले स्टोअरचं खातं एकदाच २५ डॉलर भरून मिळतं. नव्या वैयक्तिक खात्याला अ‍ॅप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ परीक्षकांसोबत सलग १४ दिवस बंद चाचणी करावी लागते, तेव्हा माणसं आधीच जमवा. आरोग्य अ‍ॅपचा जाहीरनामा भरावा लागतो, आणि ठिकाणाची परमिशन घेत असल्याने गोपनीयता धोरणाचं पान लागतं. ‘हे अ‍ॅप डॉक्टरांना पर्याय नाही’ ही सूचना पहिल्या वापरात एकदा आणि माहितीच्या पानावर कायम ठेवा. दर वेळी वाटेत ‘मान्य आहे’चं बटण उभं करू नका. अ‍ॅपवर डिजिटल सही करायची किल्ली असलेली फाईल आणि तिचा पासवर्ड दोन ठिकाणी जपा, गिटहबवर चुकूनही चढवू नका.

फेब्रुवारीत उन्हाचा विषय, मेच्या शेवटी सापाचा आणि फवारणीचा, डिसेंबरात मांजाचा, असं वर्षाचं वेळापत्रक भिंतीवर लावा. त्या त्या महिन्यात मजकूर पुन्हा डॉक्टरांकडे न्या, तारीख बदला, टेस्ट चालवा आणि नवी आवृत्ती चढवा.